नातीच्या संगणकातले रंग

पहिले आली ती कोमल, आमच्या पूजाची मैत्रीण, परभणीहून एसटीनं. मागून केळीची फणी घेऊन तिचा नवरा. पाहुणे बघून मला लय आनंद झाला, बायांनो.

पूजा घरूनच संगणकावर नोकरी करती. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ती हुकूम लिहिती, तिथं कामातली चूक लाल दिसायला पाहिजे, पण रंगाऐवजी नुसते कंस अन् आकडे यायलेत. चूक सापडंना. तेच दुरुस्त करायला ह्या दोघांना बोलावलं हुतं. शनिवारी काम दिलं न्हाई तर नोकरी जाती.

मी म्हणलं, "आधी जेवा." धपाटे टाकले, गप्पात दोन तास गेले. मग ते बसले, लाल-हिरवं दिसलंबी. बंद करून उघडलं तर पुन्हा कंसच. तेवढ्यात एसटीची वेळ झाली.

पूजा म्हणली, "आजी, दोन धपाटे कमी केले असते तर?"

तुमच्यात पाहुण्याला उपाशी कामाला बसवत्यात का? ते रविवारी येतो म्हणलेत.