पंख्याचा आवाज ऐकणारे गुणाजी

गुणाजी भावजींना जाऊन महिना झाला. ठाण्याच्या नौपाड्यात जिन्याखाली त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं टेबल होतं, तिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलीत. त्यांची बायको रखमाबाई मला म्हणाली, "तुळसाताई, तुम्ही लिहा त्यांच्यावर काहीतरी. चौथीपर्यंत तरी गेलात तुम्ही." तिच्या हिशेबाने चौथी म्हणजे कॉलेजच. म्हणून लिहायला बसले.

भावजी आमच्या माजिवड्याचेच. माझे मालक काळुराम आणि ते मिठागरात एकत्र राबले. भावजी मालकांना थोरला भाऊ मानत, म्हणून मी त्यांची वहिनी. पुढे मिठागर सुटलं तसे ते पंख्यांच्या कारखान्यात लागले आणि वीस वर्षं पंख्यांच्या मोटारींत तांब्याची तार भरली. तोही बंद पडला तेव्हा वयाची बावन्न झाली होती. नौपाड्यातल्या एका दुकानात पोरांच्या शेजारी बसून लॅपटॉप उघडायला शिकले. पहिले सहा महिने तर नुसते स्क्रू निवडून वेगळे लावायचे. पोरं त्यांना 'आजोबा' म्हणून चिडवायची. ते म्हणत, "आजोबा तर आजोबा, पण तुमचा हरवलेला बारीक स्क्रू मनाच गावला."

त्यांची एक सवय गिऱ्हाइकांना जड जायची. टेबलाशी बसले की डोक्यावरचा पंखा बंद. मशीनचा पंखा कानाने ऐकायला लागे त्यांना. घासतोय की दमतोय की नुसताच ओरडतोय, ते आवाजावरून सांगत. मशीन थंड करायला आलेलं माणूस घामाने भिजून परत जायचं. कुणी कुरकुर केली तर म्हणत, मिठागरात ऊन कितीही असो, वारा पडला की मीठ नीट धरत नाही. इथंही तेच. गरमी आत होणारच, तिला बाहेर न्यायला वारा पाहिजे.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय भावजी कसे होते ते कळायचं नाही.

माझी नात समृद्धी कल्याणच्या कॉलेजात कॉम्प्युटरवर खेळ बनवायला शिकत होती. खेळायला नाही, बनवायला. तिच्यासाठी माझ्या मुलाने, मितेशने, जाडजूड गेमिंग लॅपटॉप आणला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पूर्वी फावडी, कोयते मांडायचे. आता घरात हत्यार म्हणावं असं ते एकच. मी त्याला हळद-कुंकू वाहिलं, तशी पोरगी ओरडली, "आजी, याच्यावर काही टाकू नकोस हां, आत जातं ते." मी हो म्हटलं.

हो म्हटलं, पण मन मानेना. पोरीची भाकरी त्याच्यातून यायची आणि ते असं कोरडं बसलेलं. ती नऊला उठायची. रात्रभर काही बनवायला लावलेलं असे, म्हणून लॅपटॉप चालूच असायचा. मी सकाळी देवांची पूजा झाली की हळद-कुंकवाची उरलेली चिमूट त्याच्या वरच्या जाळीवर सोडायची, हात जोडायची आणि पदराने पुसून टाकायची. तीन महिने. पुसलेलं दिसत नसे म्हणजे गेलं, असं मला वाटायचं. कुठे गेलं, ते मी विचारलं नाही.

माघात लॅपटॉप तापायला लागला. दहा मिनिटं काम केलं की पंखे गरजायचे, खालचा भाग तव्यासारखा व्हायचा आणि पडदा काळा. सोमवारी तिला बनवलेला खेळ कंपनीच्या लोकांपुढे चालवून दाखवायचा होता. पसंत पडला तर काम मिळणार होतं. ठाण्यातल्या एका दुकानाने सांगितलं, बोर्ड गेला, नवीन घ्या.

मितेश भडकला. "गेमिंग नावातच आहे ना? बस खेळत दिवसरात्र. आता नवीन बिवीन काही नाही. सोमवारनंतर मामाच्या ऑफिसात जायचं."

"पप्पा, मी खेळत नव्हते."

"मग काय आपोआप जळला?"

पोरीने लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. मला तेव्हाच ती सकाळची चिमूट आठवली होती.

शनिवारी आम्ही दोघी भावजींकडे गेलो. त्यांनी पंखा बंद केला, लॅपटॉप चालू करून कान लावला. "बोर्ड नाय गेला. याला श्वास घ्यायला मिळत नाय," म्हणाले. मग पालथा घालून उघडला.

आत दोन पंखे आणि त्यांच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी. तिच्यावर धुळीचा नमदा, दाबलेल्या लोकरीसारखा थर, बसला होता. धूळ करडी असते. हा पिवळा होता, मधे लाल.

"कंच्या देवाचा भंडारा उधळला यामंदी?" भावजींनी चष्म्यावरून विचारलं.

समृद्धीने त्या नमद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी मान खाली गेली. ती ओरडेल असं वाटलं. ती हळूच म्हणाली, "आजोबा, पप्पांना सांगू नका. मी सांगते धूळ होती. तसंही ते मलाच बोललेत."

हे मला ओरडण्यापेक्षा लागलं.

भावजी कामाला लागले. एका बोटाने पंख्याचं पातं धरून ठेवलं, ते उलटं फिरू नये म्हणून, आणि फुंकणीयंत्राने जाळी मोकळी केली. चिपची गरमी ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवीन लावली, मुगाच्या दाण्याएवढी. मागून उचलून राहावा म्हणून खाली दोन रबरी पाय चिकटवले. तीन तास गेले. शेवटी तो पिवळा नमदा कागदात बांधून त्यांनी माझ्या हातात दिला.

"हे कशाला, भावजी?"

"माझी रीत हाय, वयनी. ज्याच्या मशीनमंदी जे गावलं, ते त्याच्या घरी. बिघाडाचं कारण घरी नाय गेलं तर मशीन परत माझ्याकडं येतं."

"आणि पोरगी म्हणते ते?"

"पोरगी चांगली हाय. म्हणून तिच्या डोक्यावर ठेवायचं का?"

घरी मितेश जेवत होता. मी त्याच्या ताटाशेजारी कागद उघडला. "ही माझी हळद. तिने दसऱ्याला नको म्हटलं होतं. मी चोरून टाकत होते."

त्याने तो पिवळा नमदा बोटाने दाबून पाहिला. "आई, तू?" एवढंच म्हणाला. मला वाटलं आता माझी पाळी. पण त्याने ताट सरकवलं, हात धुतले आणि दारातून पोरीला विचारलं, "सोमवारी कितीला पोचायचंय?"

"दहाला."

"मी सोडतो बाइकवर."

चुकलं असं तो म्हणाला नाही. आमच्या घरात पुरुष तसं म्हणत नाहीत. बायकाही क्वचितच म्हणतात. त्या दिवशी मी पोरीला म्हटलं.

सोमवारी खेळ चाळीस मिनिटं चालला, एकदाही पडदा गेला नाही. तिला ठाण्यातच काम मिळालं. पेढे घेऊन दोघी नौपाड्यात गेलो, तेव्हा भावजी खोकत होते. ज्यात ते गेले, ते दुखणं तेव्हाच लागलेलं, पण आम्हाला कुठे ठाऊक होतं. काम कुठलं, पगार किती, त्यांनी काही विचारलं नाही. पेढा हातात तसाच ठेवून म्हणाले, "चालताना गरमी किती दाखवत होता?"

"ब्याऐंशी डिग्री," समृद्धी म्हणाली.

"उघडला त्याआधी सत्त्याण्णव होता. पेस्ट बसली की अजून उतरेल," ते म्हणाले, आणि मग पेढा खाल्ला.