ग्वामच्या धक्क्यावरची शपथ

क्रिसांतो दुआलान असं पूर्ण नाव घेऊन फिलिपिन्समधल्या आमच्या रोसारियो गावात विचाराल तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. सांतिंग म्हणा, की चार जण घर दाखवायला उठतील, आणि तेही बोट न उचलता, नुसते ओठ पुढे काढून. मासे धुरावर वाळवून विकणाऱ्या इनांग सेपाचा हा थोरला; इनांग म्हणजे आई. अंगाने काडी, बोलायला लाजरा, पण बंद पडलेल्या होडीचं इंजिन समोर आलं की गडी जेवण विसरायचा.

एकोणीस वर्षांचा असताना तो अमेरिकन आरमाराच्या भरतीला गेला. आमच्या काविते प्रांतात तेव्हा ती जत्राच असायची. जागा वीस आणि रांगेत दोन हजार पोरं! सांतिंगचं वजन दीड किलो कमी भरत होतं. पठ्ठ्याने तराजूवर चढण्याआधी बावीस केळी खाल्ली आणि वर तांब्याभर पाणी रिचवलं. पास झाला आणि बाहेर येऊन भिंतीशी सगळं ओकला. त्याने हात वर करून शपथ घेतली तेव्हा इनांग बाजारात मासे विकत होती. पोरगा आरमारात गेला हे तिला शेजारणीकडून कळलं. ते तिने चार वर्षं मनात ठेवलं होतं. तिच्या प्रत्येक पत्रात एक ओळ असायचीच, "शेजारणीला माहीत, आणि आईला नाही."

भरती झाला खरा, पण इंजिनाचा वासही त्याच्या नशिबी आला नाही. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आमच्या पोरांना तेव्हा एकच काम मिळायचं: साहेबांना वाढायचं, त्यांचे बूट पुसायचे, त्यांच्या गाद्या घालायच्या. चार वर्षं सांतिंग पांढरा कोट घालून कॅप्टन हॉलवेंच्या टेबलाशी उभा राहिला. पायाखाली इंजिन धडधडायचं, ते त्याला तळव्यांतून ऐकू यायचं. खाली जायचं तर आधी नागरिकत्व हवं. बास, एवढीच त्याची एक इच्छा होती. दुसरं काही मागितलं नाही त्याने देवाकडे.

एकोणीसशे सत्तर साली त्याची चार वर्षांची मुदत भरत आली. पुढच्या चार वर्षांसाठी पुन्हा हात वर करायचा होता. ही दुसरी शपथ कुठे घ्यायची ते खलाशाने ठरवायचं, असा जहाजावरचा रिवाज. कुणी तोफेजवळ घेतो, कुणी शिडीवर. सांतिंगने ठरवलं, गावापासून सहा तासांवरच्या सुबिकच्या अमेरिकन तळावर, इनांगच्या समोर! जहाज त्याच आठवड्यात तिथे लागणार होतं. त्याने घरी कळवलं आणि गावभर बोभाटा झाला. दोन जीपनी, म्हणजे आमच्याकडच्या भाड्याच्या लांब जीपगाड्या, ठरल्या, डुक्कर ठरलं, मावशीने नवा झगा शिवायला टाकला.

ग्वाम बेट एका दिवसावर आलं असताना दुपारी सांतिंग बटाटे सोलत बसला होता. शेजारी कुया आम्ब्रो. हा वीस वर्षं आरमारात मुरलेला म्हातारा स्वयंपाकी, म्हणून सगळ्यांचा कुया, म्हणजे थोरला भाऊ. सांतिंगने मोठ्या हौसेने सुबिकचा बेत सांगितला.

कुयाच्या हातातला चाकू थांबला.

"कुठे घेणार म्हणालास?"

"सुबिकला. आईसमोर."

"गाढवा! चार वर्षं साहेबाला अंडी खाऊ घातलीस, तुला कुणी काही शिकवलं नाही का रे?"

"काय झालं, कुया?"

"व्हिएतनामची लढाई चालू आहे तोवर एक सवलत आहे. या काळात जो त्यांच्या भूमीवर उभा राहून भरती होतो, नाहीतर पुन्हा भरती होतो, त्याला नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. बाकी कागद असोत नसोत. त्यांच्या भूमीवर, कळलं? तुझी पहिली शपथ कुठे झाली?"

"कावितेच्या तळावर."

"म्हणजे आपल्या घरात. ती गेली बाराच्या भावात. आणि आता दुसरीही तू आपल्याच घरात घेणार!"

"पण कुया, सुबिकचा तळ म्हणजे अमेरिकाच की!"

आता हसू नका. ही चूक आमचाच माणूस करू जाणे. आम्ही लहानपणापासून तळाच्या फाटकाबाहेर उभं राहून वाढलो. फाटकाच्या आत त्यांचा झेंडा, त्यांचे पोलीस, त्यांचं आइस्क्रीम. आई पोराला दटावायची तीसुद्धा, "तिकडे जाऊ नकोस, ती अमेरिका आहे," म्हणून. ती जमीन नुसती वापरायला दिलेली, आहे आपलीच, हे सांतिंगला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"तिथलं आइस्क्रीम त्यांचं," कुया म्हणाला, "माती आपली. तू तिथे हात वर केलास की अडकलास आणखी चार वर्षं. तोवर लढाई संपली की सवलतही संपली. मग जन्मभर ट्रे उचल माझ्यासारखा. मला हे कळलं तेव्हा माझी वेळ निघून गेली होती, पोरा."

सांतिंगच्या तोंडचं पाणी पळालं. तिकडे डुक्कर ठरलेलं! इनांगने चार वर्षं बोलून दाखवलेलं! आणि इकडे पायाखाली ते इंजिन.

"मग काय करू?"

"उद्या ग्वामला तेल भरायला थांबतोय. ग्वाम त्यांचं आहे. तिथे घे."

"पण उद्या कुणालाच उतरायची परवानगी नाही!"

"ती देणारा माणूस रोज सकाळी तुझ्या हातची अंडी खातो. तोंड आहे ना तुला?"

तेच तर नव्हतं. चार वर्षांत सांतिंग कॅप्टनशी 'येस सर'च्या पलीकडे एक शब्द बोलला नव्हता.

सकाळी सातला जहाज ग्वामच्या धक्क्याला लागलं. तेलाच्या नळ्या जोडल्या गेल्या. नऊला निघायचं होतं. सांतिंगने अंड्यांची ताटली कॅप्टनसमोर ठेवली आणि तिथेच उभा राहिला. रोज तो तीन पावलं मागे सरायचा. आज सरला नाही.

कॅप्टनने वर पाहिलं. "काय रे? मीठ विसरलास?"

"साहेब, मला आज शपथ घ्यायची आहे. खाली, धक्क्यावर. आत्ता."

"तुला तर सुबिकला घ्यायची होती ना? आईसमोर?"

"हो साहेब. पण आई उभी राहील ती जमीन तुमची नाही."

कॅप्टनने काटा खाली ठेवला.

"हे तुला कधी कळलं?"

"काल, साहेब. बटाटे सोलताना."

कॅप्टन असा काही हसला की दाराबाहेरचा पहारेकरी डोकावला. "चार वर्षं मला वाटत होतं, तुला बोलताच येत नाही! जा, कागद तयार करून घे. मी येतो खाली. आणि ही अंडी झाकून ठेव."

सांतिंग धावत सुटला. कारकुनाच्या खोलीत दुसरंच संकट! अर्जावर ठिकाण म्हणून 'सुबिक, फिलिपिन्स' आधीच छापून झालं होतं, तेही पाच प्रतींत.

"आता परत? पाचही?" कारकून कपाळावर हात मारून ओरडला. "आधी का नाही सांगितलंस?"

"आधी मला कुठे माहीत होतं! कर ना बाबा, पाया पडतो तुझ्या. सफरचंदाचा अख्खा केक देतो."

"दोन."

"तीन घे, पण छाप!"

टाइपरायटर खडखडायला लागला. साडेआठ झाले. तिसऱ्या प्रतीत कारकुनाने तारीख चुकवली, पुन्हा कागद चढवला. सांतिंगचा जीव टांगणीला. पावणेनऊला नळ्या सुटू लागल्याचा आवाज आला, आणि तो ओल्या शिक्क्यांवर फुंकर मारत जिना उतरला. धक्क्यावर कॅप्टन, कुया आम्ब्रो आणि उगीच मजा बघायला आलेले सात-आठ खलाशी उभे होते. तेलाच्या कचेरीवरच्या खांबाला अमेरिकेचा झेंडा होता, शपथेला तो पुरे झाला.

"जहाजावर राहू नकोस," कुया ओरडला, "खाली ये! दोन्ही पाय जमिनीवर टेकव! उद्या कुणी शंका काढायला नको."

सांतिंगने दोन्ही पाय टेकवले. उजवा हात वर केला. कोटावर अंड्याचा पिवळा डाग, पायांत भटारखान्याच्या चपला. कॅप्टन एकेक ओळ म्हणत होता आणि हा मागून म्हणत होता, सुरुवातीला पुटपुटत, मग असा मोठ्याने की तेलवाले हात थांबवून बघायला लागले. शेवटची ओळ झाली आणि भोंगा वाजला. खलाशांनी टोप्या उडवल्या. कुयाने त्याला कडकडून मिठी मारली आणि त्याच मिठीत शिव्या घातल्या. सांतिंग नाचत शिडी चढला हो! लाजऱ्या सांतिंगला नाचताना पाहिलेले तेवढेच लोक.

त्या कागदाच्या जोरावर पुढे अकरा महिन्यांनी सॅन डिएगोत तो नागरिक झाला आणि वर्षाच्या आत इंजिनघरात उतरला. बावीस वर्षांनी वर आला तेव्हा त्याच्या बोटांचं काळं तेल साबणाने जात नव्हतं. पण त्याआधी सुबिक होतं.

तळाच्या फाटकापाशी दोन जीपनी भरून रोसारियो उतरलं होतं. केळीच्या पानांवर अख्खं भाजलेलं डुक्कर, मावशीचा नवा झगा, आणि मधोमध इनांग सेपा, फुग्याच्या बाह्यांच्या ठेवणीतल्या पोशाखात. सांतिंग तिच्यासमोर गेला, तिचा हात कपाळाला लावला आणि मान खाली घालून म्हणाला, "इनांग, झाली शपथ. चार दिवसांपूर्वी, ग्वामला. इथली चालली नसती."

"म्हणजे आम्ही सहा तास धक्के खात कशाला आलो?" मावशी कडाडली. "डुक्कर बघायला?"

इनांगने विचारलं, "कुठला हात वर केलास?"

सांतिंगने उजवा हात पुढे केला. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"बरं झालं तिकडेच उरकलंस," ती म्हणाली. "इथे वर केला असतास ना, तर मी ओढून खाली आणला असता आणि तुला घरी नेलं असतं. घरून तेच ठरवून निघाले होते."

सगळे खो खो हसले. मावशीही हसली. इनांग हसत नव्हती. सांतिंगने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू ओठांतच राहिलं. मग लोक जेवायला बसले. तिने हात काही सोडला नाही, आणि त्यानेही सोडवून घेतला नाही. त्या दिवशी सांतिंग डाव्या हाताने जेवला.