नाइवोचं ग्राइंडर

आमच्या अंतानानारिव्हो शहरात कुणाला तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं. मला हा सभ्यपणा कधीच सोसला नाही, आणि नाइवोचं जे झालं त्यानंतर तर मुळीच नाही.

नाइवो माझा शेजारी, केस पिकलेला टॅक्सीवाला. त्याची दुधी रंगाची जुनी रेनो बापापासून चालत आलेली. तिच्या तळाला गंजून भोक पडलं होतं आणि नाइवो त्यावर फळी टाकून उतारू बसवायचा. यंदा तपासणीवाल्याने बजावलं की सडका पत्रा कापून नवा जोडा, नाहीतर टॅक्सी बंद. जोडायला गल्लीतला वेल्डर झाफी होता. कापायचं मात्र नाइवो स्वतःच करणार होता. त्यासाठी परवडेल असं कुठलं हत्यार घ्यावं, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

त्याने झाफीला विचारलं, ते फिरत्या चाकाने पत्रा कापणारं ग्राइंडर घेऊ का? झाफी म्हणाला, घ्या की, छान कापतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, पत्र्याची कात्री घेऊ का, वीज नसली तरी अडत नाही. झाफी म्हणाला, कात्रीसारखं दुसरं काही नाही. तेवढ्यात जुन्या बाजारातला एक दुकानदार वापरलेला प्लाझ्मा कटर गळ्यात मारायला लागला. विजेच्या झोताने पत्रा लोण्यासारखा कापतो म्हणे. त्याला हवेचा पंप वेगळा लागतो, आणि आमच्याकडे वीज मनाला येईल तेव्हा येते. तरी झाफी म्हणाला, तेही उत्तमच.

नाइवो पार भंजाळला. माझ्या पंक्चरच्या टपरीवर येऊन बसायचा आणि तेच तेच दळण दळायचा.

"तिन्ही उत्तम कशी असतील रे? मला वेड्यात काढतोय का तो?"

मला झाफीचा राग आला होता. मी म्हणालो, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पण नाइवोच्या मनालाच काही सुचत नव्हतं. बायकोला, नोरोला विचारलं, तर ती म्हणाली, तुम्ही आणाल ते चांगलंच असेल. म्हणजे झालंच.

शेवटी कंटाळून त्याने ग्राइंडर आणलं. झाफीने एकच सांगितलं, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापत जा, मी तिथून जोडतो. पेट्रोलची टाकी काढली, सीट बाहेर ठेवली, आणि नाइवो अंगणात कामाला लागला.

चकचकीत काही लागेना. भोक परातीएवढं झालं, मग दारापर्यंत गेलं. जिथे चाक टेकवावं तिथून लाल भुगाच गळत होता. मग गाडीचा सगळा भार ज्या पट्टीवर होता, तिच्यावर त्याने बोट दाबलं आणि बोट सरळ आत गेलं. ग्राइंडर बंद करून तो जोडणीसाठी शेजारी थांबलेल्या झाफीकडे वळला. झाफीने आधी त्याच्या पोरांची खुशाली विचारली, मग भाताच्या भावाबद्दल काहीतरी बोलला.

नाइवो म्हणाला, "झाफी, मला सांग. हिच्यात चांगलं लोखंड आहे का?"

झाफी खाली बघत म्हणाला, "नाही, दादा."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यांदा विचारलंत ना, तेव्हापासून. म्हणून तर मी कशालाच नाही म्हटलं नाही. काहीही घेतलं असतंत तरी सारखंच होतं."

मला आता झाफीचा रागही धड येईना. नाइवो गाडीत शिरला आणि स्टिअरिंगमागच्या उघड्या चौकटीवर बसला. तळ नव्हताच, त्याचे पाय सरळ अंगणातल्या मातीवर टेकले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तेवढ्यात नोरो बाहेर आली.

"अहो, होतंय का?"

"होईल," नाइवो म्हणाला.

नोरोने त्याचे मातीवरचे पाय पाहिले. बराच वेळ पाहिले.

"बरं," ती म्हणाली, "सावकाश करा."