हरल्यावरचं फाटक

आमच्या पेठेचा फुटबॉल संघ हरला की लोक मैदानाच्या फाटकाशी थांबतात आणि कोचला शिव्या घालतात. जुनीच रीत आहे ही. आज पुन्हा हरलो. खिशातली न फोडलेली गुलालाची पुडी चाचपत मी बाहेर आलो, तर फाटकाशी चिटपाखरू नव्हतं. शिव्या घालणाऱ्याला निदान आशा तरी असते. ती माणसं कधी गळाली, कळलंच नाही.

खांद्यावर चेंडूंची जाळी टाकून कोच सदामामा आले, सवयीनं मान खाली घालून. मग थबकले. इकडंतिकडं बघितलं.

"कोण न्हाई व्हय आज?"

मला ते बघवेना. पोटातून आली ती शिवी मी हासडली, पार बापाचा उद्धार करून.

मामांनी हायसं वाटल्यासारखी पुन्हा मान खाली घातली.