तेलाशिवाय शांत झालेला ब्लोअर

आमच्या पडेगावच्या घरी कुणी भुताखेतांचं काढलं, की मी चहा टाकायला उठते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आणि आज हे लिहितेय ते भीतीनं नाही... संतापानं.

मी वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्स इंजिनियर आहे. आमच्याकडे हवा फेकणारा एक मोठा ब्लोअर आहे, माणसापेक्षा उंच. त्याच्या बेअरिंगभोवती तेलाचा पातळ थर असतो — त्याला डॅम्पर म्हणतात. फिरणाऱ्या शाफ्टची थरथर तो थर गिळतो. त्या दुपारी तेलाची लाइन चोंदली. मी प्लांट हेडना म्हटलं, "सर, बंद करा. डॅम्पर कोरडा पडलाय."

"ऑर्डर जायचीय. चालू दे."

वर, थरथर वाढली की मशीन आपोआप बंद करणारा ट्रिपही त्यांनी आधीच काढून ठेवायला लावला होता!

आमचे ऑपरेटर रफिकभाई, सिल्लोडचे, ब्लोअरला खेटून उभे. "मॅडम, लई हादरायलंय हो!" पायाखालची फरशी थरथरत होती, थरथर मोजणाऱ्या मीटरचा आकडा चढत होता. मी इमर्जन्सी बटणाकडे धावले... आणि मध्येच थरथर गेली. ब्लोअर फिरत होता, पूर्ण वेगात. पण फरशी एकदम शांत, मीटरचा आकडाही खाली आलेला. रफिकभाईंनी केसिंगवर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी आवरणावर, हात ठेवला नि झटकन मागं घेतला.

"कुणी धरून ठेवल्यावानी वाटायलंय, मॅडम."

तरी मी बटण दाबलंच. उघडून बघितलं तर डॅम्परमध्ये तेलाचा थेंब नाही, आणि पंख्याचं एक पातं अर्धं तुटलेलं. असा ब्लोअर शांत फिरूच शकत नाही. एरवी केसिंग फुटून आम्ही दोघं तिथंच संपलो असतो.

आणि साहेब काय म्हणाले? "बघ, तेलाशिवाय चाललाच ना! पातं बदला, डॅम्परचं नंतर बघू."

माझं डोकंच फिरलं. स्टार्टरला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही इथं हात लावून उभे राहता का? मग उघडते."

ते नाही उभे राहिले. लाइन साफ झाली, ट्रिप जोडला, तेव्हाच मी कुलूप काढलं.

मीटर तपासून घेतला — बरोबर होता. बाहेरचे तज्ज्ञ म्हणाले, भास झाला असेल. दोघांना, एकाच वेळी? आणि मीटरलाही? मला अजून उत्तर मिळालेलं नाही. जे काही होतं, त्याचे आभार मानायचे तर तेही जमत नाही... कारण साहेब आजही नव्या इंजिनियरांना हसत हसत सांगतात, "आपला ब्लोअर तेलाशिवाय चालतो."