साखळी निवेपर्यंत

भांडण सुरू झालं तेव्हा माझ्या डोक्याला रंग लागलेला होता, त्यामुळे उठून जायची सोय नव्हती. माझ्या धाकट्या जावेचं पार्लर म्हणजे रस्त्याकडेची एक खोली आणि मधोमध पडदा. पडद्याअलीकडे मी, पलीकडे ती आणि तिचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे. व्याहींची ड्रायव्हिंग शिकवायची शाळा होती. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबत आलेले. घरातही कुणी जरा जोरात बोललं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली जायचा.

"सुट्टीत नात आमच्याकडेच राहणार. विषय संपला."

"संपला असता तर एवढं ऊन खात आला असतात का, व्याहीबुवा?"

झालं. व्याहींनी पहिल्या दोन मिनिटांतच सगळा दारूगोळा उडवला. पार्लरमध्ये वास येतो, पोरगी खोकेल, इथल्या बायका नाही नाही ते बोलतात, पंखा खडखडतो, आणि पोरगी वर्षभर त्यांच्या घरात असली तरी शाळा नि शिकवणीतून हाताला लागते कुठे! जाऊ मेण ढवळत राहिली. त्यांचा घसा कोरडा पडला, त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, आणि मग ती बोलली.

"माझी लेक या पडद्यामागं वाढली. मी दुसऱ्यांच्या भुवया कोरत बसले आणि तिचे दात पडले कधी, आले कधी, मला ठाऊक नाही. नातीचे तरी बघू द्या."

व्याहींच्या तोंडात पाणी, बोलणार काय? गिळून झाल्यावर एवढंच म्हणाले, "तरीपण नाही."

मी रंगलेलं डोकं पडद्यातून बाहेर काढलं. "अर्धी अर्धी सुट्टी वाटून घ्या की."

"तुम्ही मध्ये पडू नका!" दोघंही एकदम माझ्यावर ओरडले. तेवढ्यापुरती त्यांची एकी झाली.

आता ही जाऊ काय चीज होती ते सांगते. एका खुर्चीवर केसांना रंग, दुसऱ्या खुर्चीवर तोंडाला लेप, कोपऱ्यात मेण तापतंय, आणि हिचं घड्याळाकडे लक्षच नाही. "काकू, तुमची अजून सहा मिनिटं. ताई, तुम्ही तोंड धुवा." एक मिनिट इकडचं तिकडे नाही. मधे सवड मिळाली की मोबाईलवर लढाई खेळायची. जावयानंच तो खेळ तिच्या आणि आपल्या वडिलांच्या मोबाईलवर टाकून दिला होता, मोठी माणसं गप्प बसावीत म्हणून. व्याहींनी खेळात नाव घेतलं वनराज. हिनं घेतलं झुरळ. म्हणाली, "सिंहाला कुणीही गोळी घालतं हो, झुरळ मारून दाखवा."

खेळ असा. दोन माणसं मैदानात उतरतात. प्रत्येकाजवळ उडी, ढाल, साखळी आणि वीज. एकदा वापरलं की ते बटण राखाडी होतं आणि निवेपर्यंत परत चालत नाही. जावई त्याला कूलडाउन म्हणायचा, ही निवणं म्हणायची. आपली बटणं आपल्याला दिसतात. समोरच्याची दिसत नाहीत, ती डोक्यात ठेवावी लागतात. नवशिके घाबरून चारी बटणं एकदम दाबतात आणि मग नागड्यासारखे पळत सुटतात. जाऊ म्हणायची, "आधी त्याला खर्च करू द्यावा. मग त्याच्याकडे काय उरलं ते बघून जावं."

त्याच दुपारी तिनं मोबाईल काढला. "तीन डाव. दोन जिंकेल त्याच्याकडे पोरगी."

"मागाहून रडायचं नाही, विहीणबाई."

"रडायला मला वेळ कुठाय?"

पंच मी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच नाही. दोघं समोरासमोरच्या खुर्च्यांत बसले.

मैदानात एक खांब होता. झुरळ त्याच्यामागं दडून बसलं, जरासं बाहेर डोकावलं. वनराजानं लगेच साखळी फेकली, ती वाया गेली. ती निवायला बारा सेकंद. आणि जावेचं तोंड सुरू झालं, "मान सरळ. डोळे मिटा. हलू नका. चावतंय का?" लेप लावताना गिऱ्हाइकाला रोज म्हणते तेच, त्याच चालीत. एकदा म्हणून झालं की चार सेकंद. तीनदा म्हणायचं, तेवढ्यात बाहेर येऊन हाणायचं, तिसरं "चावतंय का" आलं की परत खांबामागं. असं दोनदा केलं आणि वनराज आडवा.

दुसऱ्या डावात मात्र घात झाला. बाईनं आजवर परक्यांशी खेळ खेळलेला, आपण पुटपुटतो हे समोर कुणी ऐकत नव्हतं. व्याहींचा कान तयार. पंचवीस वर्षं गिअरचा आवाज ऐकून शिकाऊ माणसाच्या चुका ओळखलेल्या. तिसरं "हलू नका" आलं तसे ते खांबापाशी जाऊन उभे राहिले. झुरळ "चावतंय का" म्हणत परतलं ते थेट त्यांच्या साखळीत.

"काय विहीणबाई," व्याही मिशीत हसले, "आमच्या गाडीचा हॉर्न तुम्हीच वाजवताय की!"

जावेचा चेहरा उतरला. मला पंच असूनही वाईट वाटलं. "तोंड मीट आता," मी हळूच म्हटलं.

"तोंड मिटलं तर मोजता येत नाही हो, जाऊबाई."

तिसरा डाव. दोघांचे अंगठे घामानं निसटायला लागले. जाऊ एकदम गोड आवाजात म्हणाली, "व्याहीबुवा, सांभाळून हं. परवा तुमचा शिकाऊ भाजीच्या गाड्यावर चढला म्हणे. तुमचा पाय कुठं होता तेव्हा?"

"तो ब्रेक नादुरुस्त होता!" व्याही उसळले आणि त्या तावात ढालही दाबली, साखळीही फेकली. दोन्ही वाया. अति राग, भीक माग.

"मान सरळ," जाऊ म्हणाली, आणि बाहेर आली. दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा "मान सरळ, डोळे मिटा" म्हटलं तशी व्याहींनी खांबाकडे धाव घेतली, पुढं जाऊन दबा धरायला. पाठ उघडी, ढाल राखाडी, साखळी राखाडी. झुरळ खांबाकडे वळलंच नाही. "हलू नका" म्हणता म्हणता त्यानं मागून वीज पाडली.

वनराज कोसळले. व्याहींचा उजवा पाय धाडकन खाली गेला. "अहो, अजून 'चावतंय का' व्हायचं होतं!"

"चावलं की," जाऊ म्हणाली.

व्याही शब्दाला पक्के. दुसऱ्या दिवशी स्वतः नातीला घेऊन आले. पोरगी दारातच अडली. "मला कुणी विचारलं का?" मी म्हटलं, "आता विचारतो. राहशील का?" तिनं बराच भाव खाल्ला आणि मग म्हणाली, "राहीन, पण दुपारी पार्लर बंद पाहिजे."

तेव्हापासून सुट्टीत दुपारी दोन ते चार दाराची पाटी उलटी. आजी-नात काय करायच्या? लोळायच्या, पत्ते खेळायच्या, भांडायच्या. सुळा हलायला लागला तेव्हा पोरगी आजीच्या मांडीवर होती आणि पडला तोही तिच्याच तळहातावर. दर वर्षी सुट्टीआधी व्याही तीन डाव मागायला यायचे. सहा वर्षांत दोनदा जिंकलेही, त्या दोन सुट्ट्या जावेनं पार्लरभर चिडचिड करून काढल्या. एका बाईची भुवई तेव्हा जरा जास्तच उडाली.

यंदा डाव तिचा होता. त्याआधी दवाखान्याच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं होतं. मी म्हटलं, "व्याही आणून सोडतील." म्हणाली, "जिंकलेय मी. आणायला मीच जाणार." पोरीला आणल्यावर आठवड्यानं ती गेली, झोपेतच, त्याबद्दल मी लिहीत नाही.

पोरीला आणायच्या दिवशी सकाळी ती दहाच्या बसनं निघाली. तिकडून परतताना व्याही दोघींना बसथांब्यापर्यंत पोचवायला आले, बॅग त्यांच्याच खांद्यावर. "खिडकीशी पोरीला बसवा," ते म्हणाले. "तुम्ही गाडी शिकवा, बस मला कळते," ती म्हणाली. पावणेदोनला दोघी आल्या. जाऊ एक पायरी चढून थांबली, दम खाल्ला, दुसरी चढली. बॅग माझ्या दारात ठेवली, पोरीच्या हातून बुटांची पिशवी घेतली आणि म्हणाली, "जाऊबाई, हिचं पान वाढा, मी पाटी उलटी करून येते."