हीव आणि कणकण

सुशीलाताईंची नि माझी ओळख ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ढोकीच्या दवाखान्यात झाली. मी पुण्याहून आलेला नवा डॉक्टर, त्या तिथल्या जाणत्या परिचारिका. पावसानं दगा दिलेला, टँकर दिवसाआड यायचा. तरी पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "आधी हात, मग पेशंट." मला राग आला होता, हे आज कबूल करतो.

ताईंचं लक्ष किती बारीक, हे रामभाऊंमुळं कळलं. रामभाऊ साखर कारखान्याचे ट्रॅक्टरचालक. त्यांच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. मुंबईत जांघेतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन गाठीत औषध सोडलं, तिचा रक्तपुरवठा बंद केला. तेव्हा हा उपचार अगदी नवा होता. "थोडे दिवस ताप येईल, घाबरू नका," असं सांगून त्यांना घरी पाठवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नी गयाबाई त्यांना घेऊन आल्या. "साहेब, लई हीव भरतंय ह्यान्ला. चार वाकळा घातल्या तरी दात वाजत्यात."

मी हीव ऐकलं, हिवताप समजलो आणि मलेरियाच्या गोळ्या लिहून मोकळा झालो.

ताईंनी चिठ्ठी घेतली, पण गोळ्या दिल्या नाहीत. "गयाबाई, मुंबईहून आल्यावर असंच हीव होतं का?"

"न्हाय व्हो, तवा नुसती कणकण. ती गेली, चार दिस झाक जेवले. परवापासनं हे हीव."

ताईंनी रामभाऊंच्या उजव्या बरगडीखाली तळवा टेकवला. ते कळवळले. मला बाजूला घेऊन ताई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, कणकण उपचाराची होती. हे हीव पुवाचं वाटतंय."

माझ्या उत्तराची वाट न पाहता ताई बाहेर गेल्या आणि गयाबाईंना म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब म्हणतात, आत्ताच सोलापूरला न्या." कारखान्याच्या जीपमध्ये स्वतः त्यांच्याशेजारी बसल्या. सोलापुरात यकृतात गळू सापडलं, पू काढला. दोन दिवस उशीर झाला असता तर रामभाऊ हाती लागले नसते, असं तिथले सर्जन म्हणाले. कर्करोगानं शेवटी त्यांना गाठलंच. पण मधले दोन गळीत हंगाम त्यांनी ट्रॅक्टर चालवला.

गयाबाई अजून भेटल्या की माझ्या पाया पडतात. "साहेब, तुमच्यामुळं दोन वर्सं गावली." ताई शेजारी असल्या तरी नुसत्या हसतात. इतकी वर्षं मीही गप्प राहिलो, याची लाज वाटते.

ताई, पंच्याहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. हीव तर सोडाच, तुम्हाला कणकणसुद्धा न शिवो. आणि हा लेख कुणीतरी गयाबाईंना वाचून दाखवा. सोलापूरला न्या, असं मी म्हटलं नव्हतं.